टॉपरला धनादेश नको, नमुन्याला पैसे द्या : खनिज प्रक्रियेच्या स्मृतिशिष्यवृत्तीबद्दल खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील धातुशास्त्र आणि खनिकर्म विभागांची माजी विद्यार्थी मंडळे, स्मृतिनिधींचे विश्वस्त आणि खाण कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक दायित्व) अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

एखाद्या कॉन्सन्ट्रेटरमध्ये, म्हणजे खनिज शुद्ध करण्याच्या कारखान्यात, किंवा प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेला माणूस जातो. सहकारी आणि घरचे मिळून निधी जमवतात. वर्षभरात शिष्यवृत्ती जाहीर होते आणि धातुशास्त्राच्या अंतिम वर्षात पहिला आलेल्याला शाल, श्रीफळ आणि धनादेश मिळतो. त्या मुलाच्या खिशात तोवर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर कंपनीचे नेमणूकपत्र असते. त्याचा काही दोष नाही. पण ज्या विषयासाठी गेलेल्या माणसाने हात काळे केले, त्या खनिज प्रक्रियेच्या, म्हणजे दगडातून कामाचे खनिज वेगळे करण्याच्या विद्येच्या, वाट्याला या समारंभातून एक चाळणीसुद्धा येत नाही.

हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. निधी आपल्याकडे आहे, किंवा लवकरच असेल. तो कसा खर्चावा याबद्दल आमचे मत ठाम आहे, आणि त्यामागचा हिशेबही आम्ही इथे मांडतो.

धनबादच्या आयआयटीसारखी एखादी संस्था सोडली, तर आपल्याकडे खनिज प्रक्रिया म्हणजे धातुशास्त्राच्या पदवीतला एखाद-दुसरा पेपर आणि सोबत प्रयोगवहीतले आठ-दहा प्रयोग. जॉ क्रशरमध्ये दगड टाकायचा, चाळण्यांचा ढीग हलवायचा, आलेख काढायचा, सही घ्यायची. दगड कुठला, हे कुणी विचारत नाही. आणि हे घडते नागपूरसारख्या शहरात, जिथे १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आहे, हिंगण्याला तिची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा आणि पायलट प्लान्ट आहे, मँगनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचे मुख्यालय आहे आणि तास-दोन तासांच्या अंतरावर मँगनीजच्या खाणी आहेत. देशाने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली, जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय मिशन मंजूर केले. ही खनिजे जमिनीतून काढणारे मिळतील. दगडातून वेगळी करणारे कुठून आणायचे, हा प्रश्न मात्र उरतोच.

हा विषय शिकायला तीन गोष्टी लागतात : खरा नमुना, पुरेशी रासायनिक विश्लेषणे आणि प्लान्टमध्ये घालवलेले दिवस. फी भरून यांतले काहीच मिळत नाही. म्हणून शिष्यवृत्तीचा पैसा याच तिन्हींवर गेला पाहिजे.

नमुन्यापासून सुरुवात करू, कारण निम्मे प्रकल्प तिथेच बिघडतात. विद्यार्थी खाणीवर जातो, ढिगाच्या पायथ्याशी उभा राहून पिशवी भरतो आणि परततो. ढिगावर माल ओतला की मोठे ढेकळे घरंगळत खाली येतात आणि बारीक माल मध्ये राहतो. पायथ्याचा नमुना म्हणजे निव्वळ ढेकळांचा नमुना. शिवाय वरचा थर ऊन-पावसाने बदललेला असतो. शक्य असेल तिथे चालता पट्टा थांबवून, पट्ट्याच्या पूर्ण रुंदीचा तुकडा घ्यावा आणि तळाशी चिकटलेली भुकटी ब्रशने झाडून त्यातच घालावी. पडत्या धारेतून घ्यायचा असेल तर कटरचे (नमुना कापून घेणाऱ्या भांड्याचे) तोंड सर्वांत मोठ्या कणाच्या तिप्पट तरी हवे आणि तो धारेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकसारख्या वेगाने गेला पाहिजे.

नमुना किती हवा? फ्रेंच अभियंते पिअर गी यांनी घालून दिलेला नियम असा की तेवढ्याच अचूकतेसाठी लागणारे वजन कणाच्या आकाराच्या घनात वाढते. २५ मिमीच्या मालाचा नमुना २०० किलो लागत असेल, तर तोच माल १२.५ मिमीपर्यंत फोडल्यावर २५ किलो पुरतो. म्हणजे आधी फोडायचे, मग वाटायचे, पुन्हा फोडायचे, पुन्हा वाटायचे. विद्यार्थी उलट करतो : २०० किलो वाहून आणणे परवडत नाही म्हणून खाणीवरच फावड्याने पाच किलो उचलतो. टेम्पोचे भाडे ही इतकी साधी बाब आहे की कुठल्याच शिष्यवृत्तीच्या नियमात ती सापडत नाही.

नमुना आल्यावर तो ३.३५ मिमीखाली फोडून, रिफल किंवा फिरता विभाजक या माल समान वाटणाऱ्या साधनांनी एकेक किलोच्या सीलबंद पिशव्या कराव्यात. कोनिंग-क्वार्टरिंग (ढीग करून फावड्याने चार भाग पाडणे) आम्हांला पसंत नाही. हात ज्याचा त्याचा, आणि चूकही ज्याची त्याची. एका प्रकल्पाला बाँड वर्क इंडेक्ससाठी (माल दळायला किती वीज लागेल हे सांगणाऱ्या आकड्यासाठी) १० किलो, दळणाच्या वेळेचा आलेख काढायला ४, चाचण्यांना १२ ते १५, खनिजशास्त्राला १ आणि राखीव १० असे साधारण ४० किलो धरा. सल्फाइड धातुक असेल तर पिशव्या थंड ठेवाव्यात आणि वाळवताना तापमान ६०-७० अंशांच्या पुढे नेऊ नये. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलेल्या तांब्याच्या नमुन्याच्या कणांवर ऑक्साइडचा थर बसतो आणि मग फ्लोटेशन (हव्या खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटवून फेसाबरोबर वर काढणे) का जमत नाही म्हणून मूल महिनाभर डोके खाजवते.

विदर्भातले मँगनीज हे या विषयाचे उत्तम पाठ्यपुस्तक आहे, म्हणून त्याबद्दल थोडे जास्त लिहितो. पाण्यात घनतेच्या फरकावर माल वेगळा होईल की नाही हे पाहायचा एक जुना ठोकताळा आहे : जड खनिजाच्या घनतेतून १ वजा करा, हलक्याच्या घनतेतून १ वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर २.५च्या वर असेल तर बारीक मालही वेगळा होतो, १.२५च्या खाली असेल तर नाद सोडावा. ब्रॉनाइट या मँगनीज खनिजाची घनता ४.७५ आणि क्वार्ट्झची २.६५ धरली तर उत्तर २.२७ येते. जिग (पाण्याच्या हेलकाव्यांनी जड-हलके कण वेगळे करणारे यंत्र) खुशाल चालवा. पण नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात गोंडाइट नावाचा खडक आहे (नाव गोंडांवरून), आणि त्यात क्वार्ट्झबरोबर स्पेसार्टिन नावाचा गार्नेट असतो. त्याची घनता ४.१८. उत्तर येते १.१८. जिगला हा गार्नेट आणि मँगनीज एकच दिसतात. त्यात भर म्हणजे स्पेसार्टिनमध्ये स्वतःचे मँगनीज असते, त्यामुळे रासायनिक विश्लेषणात टक्केवारी बरी दिसते, पण ते मँगनीज सिलिकेटमध्ये अडकलेले असते आणि कॉन्सन्ट्रेटमधली, म्हणजे वेगळ्या काढलेल्या समृद्ध मालातली, सिलिका काही केल्या खाली येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पॉलिश केलेले तुकडे आधी पाहिले असते, तर चाळीस चाचण्या वाचल्या असत्या. म्हणून अट घाला : खनिजशास्त्राचा अहवाल आल्याशिवाय पहिली चाचणी नाही, आणि त्या अहवालाचा खर्च निधी देईल.

आता विश्लेषणांचा हिशेब. समजा तांब्याच्या फ्लोटेशनच्या १२ चाचण्या केल्या आणि प्रत्येकीतून चार उत्पादने निघाली, तर ४८ नमुने झाले. मूळ मालाचे सहा आकारगट ६, सर्वोत्तम चाचणीच्या टेलिंगचे (खनिज काढून उरलेल्या टाकाऊ मालाचे) सहा आकारगट ६, मूळ मालाचे तीन स्वतंत्र नमुने ३. एकूण ६३. त्यावर दर दहामागे एक गुपचूप दिलेला दुबार नमुना आणि दर वीसमागे एक प्रमाणित (टक्केवारी आधीच माहीत असलेला) नमुना धरला की आकडा ७२ वर जातो. महाविद्यालय यांतली दहा-पंधरा विश्लेषणे फुकट करून देते. उरलेली विद्यार्थी सोडून देतो आणि मधले आकडे अंदाजाने भरतो. आम्ही याला लबाडी म्हणत नाही, गरिबी म्हणतो. पण परिणाम तोच.

आकडा थोडा चुकला तर काय होते? मूळ मालात १ टक्का तांबे, कॉन्सन्ट्रेटमध्ये २५ आणि टेलिंगमध्ये ०.१० टक्के धरा. रिकव्हरी, म्हणजे मूळ मालातल्या तांब्यापैकी कॉन्सन्ट्रेटमध्ये आलेला वाटा, येते ९०.४ टक्के. टेलिंगचा आकडा ०.१०ऐवजी ०.१२ आला, तर रिकव्हरी ८८.४ होते. दोन शतांश टक्क्यांच्या चुकीने रिकव्हरीत दोन टक्क्यांची तफावत! आणि विद्यार्थी नेमक्या याच दोन टक्क्यांच्या सुधारणेवर प्रबंधाचा निष्कर्ष काढतो. यावर उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे. काहीही न बदलता एकच चाचणी तीनदा करायची. तीन उत्तरांत जेवढे अंतर पडते, त्याहून लहान सुधारणेला सुधारणा म्हणायचे नाही. शिवाय दर चाचणीला उत्पादनांचे वजन आणि टक्केवारी गुणून मूळ मालाची टक्केवारी परत काढायची. ती प्रत्यक्ष विश्लेषणाशी जुळली नाही तर कुठेतरी माल सांडला आहे किंवा पिशव्यांची अदलाबदल झाली आहे.

चाचणीतल्या बारीक गोष्टी शिकवायला माणूस लागतो, पैसा नव्हे. तरी लिहून ठेवतो. अडीच लिटरच्या सेलमध्ये एक किलो माल घेतला तर स्लरीत (माल आणि पाण्याच्या मिश्रणात) घन भाग वजनाने ३२ टक्क्यांच्या आसपास येतो. टनाला ४० ग्रॅम झँथेट (कण बुडबुड्यांना चिकटावेत म्हणून घालायचे रसायन) म्हणजे एका किलोला ४० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्का द्रावणाचे ४ मिलिलिटर. द्रावण त्याच दिवशी सकाळी करायचे. गेल्या आठवड्याची बाटली वापरली की मात्रा किती गेली हे कुणालाच सांगता येत नाही. सामू (पीएच) आधी चुन्याने १०.५ वर आणायचा, मग झँथेट. आम्ल पाण्यात झँथेट पडले तर त्यातून विषारी आणि ज्वलनशील कार्बन डायसल्फाइड निघते. पाणी कुठले वापरले तेही लिहा. नळाचे, बोअरचे आणि प्लान्टचे फिरते पाणी यांची उत्तरे वेगवेगळी येतात. चाळणी करताना आधी ४५ मायक्रॉनवर ओली चाळण, मग वाळवून सुकी, नाहीतर भुकटी मोठ्या कणांना चिकटून राहते आणि माल आहे त्याहून जाडा दिसतो.

लोहखनिजाबद्दल एकच गाऱ्हाणे. गोव्याच्या टेलिंग तळ्यांतल्या गाळावर किंवा गडचिरोलीच्या बँडेड हेमेटाइट क्वार्ट्झाइटवर, म्हणजे बीएचक्यूवर, प्रकल्प होतात आणि सारांशात लिहिले जाते की ६३ टक्के लोह मिळाले. वजनी उतारा किती? शंभर किलोंतले वीसच किलो वर आले असतील तर त्या ६३ टक्क्यांना काय करायचे? दळायला वीज किती लागली? वर्क इंडेक्स १२ आणि फीड, म्हणजे दळायला घातलेला माल, २ मिमी धरून बाँडच्या सूत्राने हिशेब केला, तर १५० मायक्रॉनपर्यंत दळायला टनाला सुमारे ७.१ युनिट लागतात, ४५ मायक्रॉनपर्यंत १५.२. बीएचक्यूमध्ये हेमेटाइट आणि क्वार्ट्झ इतके बारीक गुंतलेले असतात की प्रश्न इथेच, म्हणजे दळणाच्या बिलातच सुटतो किंवा अडतो. टक्केवारी, उतारा आणि वीज हे तिन्ही आकडे एका ओळीत नसतील तर अहवाल परत करावा.

आता पैशांकडे येऊ. एका विद्यार्थ्यामागे वर्षाला दीड लाख रुपये असा आमचा प्रस्ताव आहे : ६० हजार राहण्या-प्रवासासाठी थेट विद्यार्थ्याच्या खात्यात, ६० हजार विश्लेषणे व खनिजशास्त्रासाठी थेट प्रयोगशाळेला, १५ हजार नमुन्याची वाहतूक आणि रसायने-चाळण्यांसाठी, ५ हजार सुरक्षा साहित्य व विम्यासाठी आणि १० हजार फेरचाचण्यांसाठी राखून. प्रयोगशाळांचे दर वेगवेगळे असतात, तेव्हा दरपत्रक आधी मागवून आकडे मागेपुढे करा. पण विश्लेषणाचा वाटा राहण्याच्या खर्चात वळवू देऊ नका, आणि उलटही करू नका.

व्याजावर चालवायचे असेल तर ७ टक्के व्याजातले २ टक्के महागाईपोटी मुद्दलात परत टाकावे लागतात. खर्चायला उरतात ५. म्हणजे दीड लाखांसाठी ३० लाखांची ठेव हवी. जमलेत १० लाखच? मग दरवर्षी ५० हजारांचा तुकडा देत बसू नका, त्यात विश्लेषणेसुद्धा पुरती होत नाहीत. आमच्यापैकी बहुतेकांचे मत असे की ठेव न करता पैसा संपवावा. दहा लाखांत सहा वर्षे सहा मुले नीट तयार होतात. नाव चिरंतन राहावे अशी घरच्यांची इच्छा असते, ती आम्ही समजू शकतो. पण वीस वर्षांनी एका पुस्तकाच्या किमतीएवढी उरलेली शिष्यवृत्ती त्या नावाचे काय भले करते?

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत एक सावधगिरी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान धरली जात नाही. नागरिकत्व बदललेल्याची मात्र धरली जाते, मग ओसीआय कार्ड असले तरी. त्यासाठी घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी योगदान कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले ठरावीक खाते लागते. निधी जमवायच्या आधी विचारून घ्या, पैसे खात्यात आल्यावर नको. खाणपट्ट्यातल्या तालुक्यांतील मुलांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडेही (खाणींकडून येणाऱ्या पैशांच्या जिल्हा निधीकडे) जाता येते. त्यांच्या खर्चाच्या अग्रक्रमात शिक्षण आहे.

निवड गुणपत्रिकेवर करू नका. उत्तीर्ण असणे पुरे. उमेदवाराला एका तासात सोडवायला एका चाचणीचा तक्ता द्या, ज्यात मुद्दाम एक चूक पेरलेली आहे : वजनांची बेरीज हजार ग्रॅमऐवजी ९३० येते, किंवा टेलिंगची टक्केवारी मूळ मालापेक्षा जास्त आहे. चूक सापडली का, आणि सापडल्यावर त्याने आकडा गुपचूप जुळवला की 'चाचणी पुन्हा करावी' असे लिहिले, एवढे पाहा. मुलाखत मराठीत द्यायची मुभा ठेवा. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या किंवा गोव्यातल्या सत्तरीच्या मुलाला जिग समजते, 'जिग' इंग्रजीत समजावून सांगताना तो अडखळतो. भूशास्त्राच्या बीएस्सीच्या मुलांनाही दार उघडे असावे. सूक्ष्मदर्शकाखाली खनिज ओळखण्यात ती बहुधा पुढे असतात.

वेळापत्रक पावसाळ्यावर ठरवा. जाहिरात जुलैत, निवड सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, नमुना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पावसात माल चिकट असतो आणि गोव्यात तर खाणीच बंद असतात. चाचण्या डिसेंबर ते फेब्रुवारी, आकडेमोड मार्चमध्ये, अहवाल एप्रिलअखेर. त्यानंतर चार आठवडे प्लान्टमध्ये, त्यातला निदान एक आठवडा रात्रपाळीत, कारण सायक्लोनचे (कण आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या यंत्राचे) तोंड रात्री तीनलाच तुंबते.

हप्ते निकालावर ठेवू नका, टप्प्यांवर ठेवा. पहिला हप्ता रुजू होताच सात दिवसांत. दुसरा नमुन्याची नोंद सादर केल्यावर : कुठून, कधी, किती, कुणी, कसा वाटला. तिसरा तीन समान चाचण्यांची उत्तरे आल्यावर, ती कशीही आली तरी. चौथा सगळे कच्चे आकडे दिल्यावर. चांगल्या रिकव्हरीला बक्षीस ठेवलेत तर चांगली रिकव्हरीच मिळत जाईल, दगड काहीही म्हणो. आणि पैसे लेखा विभागात अडकू देऊ नका. पदवी हातात पडल्यानंतर खात्यात येणारी शिष्यवृत्ती आम्हांला नवीन नाही.

सुरक्षेचे पाच हजार ही शोभेची बाब समजू नये. बीएचक्यू सुका पल्व्हराइझ करताना उडणारी धूळ सिलिकाची असते आणि सिलिकोसिसला औषध नाही. रुमाल बांधून चालत नाही. नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क, धूळ ओढणारा पंखा आणि शक्य तिथे ओले दळण हवे. मुलींच्या बाबतीत २०१९च्या केंद्रीय अधिसूचनेने भूमिगत खाणीत दिवसा आणि जमिनीवरच्या खाणकामात रात्रीही, अटींसह, काम करण्याची वाट मोकळी केली. तरी प्रशिक्षणाचे पत्र मागितले की 'आमच्याकडे सोय नाही' हे उत्तर अजून येते. सोय म्हणजे एक खोली, एक स्वच्छतागृह आणि जाण्यायेण्याची गाडी. सीएसआर विभागाने पैसे देण्याआधी हे तीन शब्द लेखी द्यावेत.

आणि एक पानाची परवानगी. कंपनीचा माल असला की आकडे गोपनीय ठरतात आणि अहवाल कपाटात जातो. नमुना उचलण्यापूर्वीच लिहून घ्या : खाणीचे नाव झाकून आकडे प्रसिद्ध करता येतील, फसलेल्या चाचण्यांसकट. ज्यांच्या नावाने निधी आहे त्यांच्या शिफ्टच्या वह्या, चाळण्यांचे तक्ते, जुने फ्लोशीट (प्रक्रियेचे आराखडे) घरी असतील तर रद्दीत घालण्याआधी विभागाला द्या. मागच्या पिढीने कुठल्या मालावर काय करून पाहिले आणि काय सोडून दिले, हे दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसते.

राखीव ठेवलेल्या १० किलोंपैकी पाच किलो, एकेक किलोच्या सीलबंद पिशव्यांत, तारीख आणि नाव घालून विभागात ठेवावेत. सल्फाइड असेल तर डीप फ्रीझरमध्ये. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याची पहिली चाचणी त्यातल्या एका पिशवीवर, मागच्याच्या वहीत लिहिल्याप्रमाणे करावी. उत्तर जुळले तर तो स्वतःच्या नमुन्याला हात लावेल. नाही जुळले तर आधीच्याला फोन करेल.

आपले,
विदर्भ आणि गोव्यातील प्लान्ट व प्रयोगशाळांत काम करणारे काही खनिज प्रक्रिया अभियंते